फाइल जाड, हात कोरा: पीएच.डी. करताना या चुका टाळा

पीएच.डी. झाल्यावरच्या पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या फाइलमध्ये चौतीस प्रमाणपत्रं होती. प्लास्टिकच्या कव्हरात, तारखेप्रमाणे लावलेली. समोरच्या बाईंनी ती दोन मिनिटं चाळली, फाइल मिटली आणि विचारलं, "तुम्हाला संशोधनात काय सापडलं, ते एखाद्या सरपंचाला कसं सांगाल?" मी प्रबंधाच्या इंग्रजी शीर्षकाचं मराठी करायला घेतलं आणि तिसऱ्या शब्दाला अडकले. काम ऊसतोड मजुरांवर. बीडकडच्या गावांत महिनोन्महिने पारावर बसून मराठीतच बोललेली मी, आणि मराठीत सांगता येईना.

त्या चौतिसांतली दोन प्रमाणपत्रं 'कम्युनिकेशन स्किल्स'ची होती.

गेली काही वर्षं मी नव्या संशोधकांची प्रकरणं वाचते, व्हायवाची, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेची, तालीम घेते, कधी नुसतंच त्यांचं रडगाणं ऐकते. विद्यापीठ वेगळं, विषय वेगळा, पण गाडी रुतते ती ठरलेल्या खड्ड्यांत. कौशल्यं म्हणजे प्रबंधाबाहेरची, सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपला जाऊन मिळवायची गोष्ट, असा समज याच्या मुळाशी असतो. लिहिणं, मांडणं, माहिती जपून ठेवणं, वरिष्ठांकडून वेळेत उत्तर मिळवणं हे सगळं प्रबंधाच्या कामातच अंगवळणी पडतं. बाहेरून शिकून आणलेलं घरी येईपर्यंत विसरतं.

गरज नसताना शिकून ठेवणं

२०२० च्या टाळेबंदीत वेबिनारांचा पाऊस पडला. लिंक उघडायची, आवाज बंद करून स्वयंपाक करायचा, शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की ईमेलवर प्रमाणपत्र. माझी निम्मी प्रमाणपत्रं त्याच पिकातली.

पण खरं नुकसान चांगल्या वर्कशॉपमध्येही होतं. पहिल्याच वर्षी सात दिवस एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकले. उदाहरणाला कुठल्याशा परदेशी कारखान्याच्या कामगारांचा तयार डेटा. सगळं समजलं, वहीसुद्धा सुंदर झाली. माझा स्वतःचा डेटा हातात आला तिसऱ्या वर्षी, तेव्हा व्हेरिएबलचं नाव कुठे टाकायचं इथपासून सुरुवात. वही उघडली तर माझंच अक्षर मला परकं.

आता मी सगळ्यांना एकच सांगते: शिकलेलं आठ दिवसांत स्वतःच्या कामावर वापरता येणार असेल तरच जा. स्वतःची वीस ओळींची एक्सेल शीट का होईना, घेऊन जा आणि शिकवणाऱ्यांना तीच दाखवून विचारा. नसेल तर थांबा. ते सॉफ्टवेअर कुठे पळून जात नाही. विभागाला हजेरीची संख्या भरायची असते आणि 'नाही' म्हटलं की वरिष्ठ नाराज होतात, हे मलाही माहीत आहे. अशा वेळी जा, सही करा, मागच्या रांगेत बसून आपलं प्रकरण लिहा.

हीच गत कोर्सवर्कची, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या विषयांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीनुसार किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क लागतं, आणि त्यात संशोधन व प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा विषय असतो. बहुतेक जण तो नोट्स पाठ करून पास होतात. त्या विषयाची असाइनमेंट म्हणून स्वतःच्या मुलाखतींसाठी संमतीपत्र तयार केलं असतं, तेही ऊसतोड मजुराला वाचून दाखवता येईल अशा मराठीत, तर पुढे माझे तीन आठवडे वाचले असते.

आणि आरएसी. नियमाप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. आपण काय करतो? मागच्या वेळचा अहवाल उघडायचा, तारीख बदलायची, 'साहित्याचा आढावा सुरू आहे'च्या जागी 'साहित्याचा आढावा बऱ्याच अंशी पूर्ण' लिहायचं. समितीही चहा घेऊन सही करते. मीही हे दोनदा केलं. खरं तर मोठ्या माणसांसमोर कच्चं काम मांडायची इतकी स्वस्त संधी पुन्हा मिळत नाही. अहवालात जमलेल्या गोष्टींआधी न जमलेली एक गोष्ट लिहा: 'मुकादम (मजुरांच्या टोळ्या नेणारे) बोलायला तयार नाहीत, त्यामुळे उचलीच्या (मजुरांना आगाऊ दिलेल्या रकमेच्या) आकड्यांची एकच बाजू मिळते.' हे वाचून समितीतल्या एकांनी मला जुन्या न्यायालयीन कागदपत्रांची वाट दाखवली. 'काम समाधानकारक सुरू आहे' या वाक्यावर कोणी काय सुचवणार?

"आधी सगळं वाचून होऊ दे, मग लिहिते"

सगळ्यांत जास्त वर्षं खाणारी चूक ही. नियमात पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. ऐकायला भरपूर वाटतात. पण 'वाचून होऊ दे' म्हणणाऱ्याचं वाचून कधीच होत नाही, कारण प्रत्येक लेखाच्या शेवटी आणखी साठ लेखांची यादी असते.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. लॅपटॉपवर चारशे पीडीएफ. त्यांतल्या बऱ्याच पिवळ्या रंगात रंगवलेल्या. 'नोट्स' नावाच्या वर्ड फाइलमध्ये इंग्रजी उतारे एकाखाली एक चिकटवलेले, काहींच्या खाली लेखकाचं नाव, काहींच्या खाली नुसतंच 'महत्त्वाचं!!'. दोन वर्षांनी प्रकरण लिहायला बसल्यावर यातलं माझं वाक्य कुठलं आणि लेखकाचं कुठलं, हे देवालाही सांगता येत नाही. वाङ्मयचौर्याची बहुतेक प्रकरणं मुद्दाम केलेल्या चोरीतून सुरू होत नाहीत. ती या फाइलमधून सुरू होतात.

यावरचा उपाय मला उशिरा सापडला. लेख वाचून झाला की तो बंद करायचा. पीडीएफ समोर ठेवायची नाही. मग अर्धं पान, आपल्या भाषेत: यांनी विचारलं काय, शोधलं कसं, सापडलं काय, आणि मला कुठे पटलं नाही. चौथा प्रश्न सोडायचा नाही, प्रबंध त्यातूनच उगवतो. लेखकाचं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक तिथल्या तिथे. असे चाळीस अर्धे कागद जमले की 'साहित्याचा आढावा' लिहायचा उरत नाही, फक्त लावायचा उरतो. मी हे कागद मराठीत लिहिते, प्रबंध इंग्रजीत असला तरी. मराठीत लिहिताना उतारा चिकटवताच येत नाही, समजून घ्यावंच लागतं.

वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत टप्पे स्पष्ट आहेत. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आता सॉफ्टवेअरने २८ टक्के दाखवले की घाबरून लोक शब्द बदलून देणाऱ्या ऑनलाइन यंत्राकडे धावतात. हे आगीतून फुफाट्यात. अशा यंत्रांनी केलेले विनोद जगभर पकडले गेले आहेत: 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल'. अशा वाक्प्रयोगांना 'टॉर्चर्ड फ्रेजेस' म्हणतात. २०२१ मध्ये संशोधकांनी त्यांचा पद्धतशीर माग काढला, आणि त्यामुळे पुढे कितीतरी पेपर मागे घ्यावे लागले.

त्याऐवजी अहवाल शांतपणे वाचा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्याची कलमं, नीट अवतरण दिलेला मजकूर हे साम्यात धरायचं नसतं. तपासताना ते वगळलं आहे का, ग्रंथपालांना विचारा. उरलेल्यात एकाच स्रोताशी सलग साम्य कुठे आहे ते पाहा. तो परिच्छेद खोडा, फाइल बंद करा, मूळ लेख पुन्हा वाचा आणि कोऱ्या कागदावर पेनाने लिहा. वाक्यात शब्द बदलत बसलात तर दुपार जाते आणि टक्का दोनने उतरतो.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल प्रत्येक वर्गात विचारतात. माझं मत एवढंच: तुम्ही लिहिलेलं इंग्रजी तपासून घ्यायला ठीक, आणि तेही विद्यापीठाचा नियम पाहून, वापर सांगून. संदर्भ मागायला अजिबात नाही. अस्तित्वात नसलेला लेख, खऱ्या वाटणाऱ्या लेखकाच्या नावासकट, अशी उत्तरं मी स्वतः पाहिली आहेत. संदर्भसूचीत तो गेला की व्हायवात परीक्षक नेमका तोच काढतात.

मराठी प्रबंध आणि फॉन्टची फजिती

ही चूक कौशल्यविकासाच्या कुठल्याच पुस्तिकेत सापडणार नाही, कारण त्या बहुतेक इंग्रजीतून येतात.

मराठीत, इतिहासात, समाजशास्त्रात अजूनही अनेक जण हस्तलिखित नेऊन विद्यापीठाजवळच्या टायपिंगच्या दुकानात देतात. तिथे कित्येकदा जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप होतं. छापून सुंदर दिसतं. पण ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यात शोधता येत नाही, तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढवलेला असा प्रबंध कुणी शब्द टाकून शोधला तर सापडतच नाही. चार वर्षं खपून लिहायचं आणि कुणाला सापडू नये अशी सोय करून ठेवायची!

पहिल्या महिन्यातच युनिकोडमध्ये टाइप करायला शिका. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक असतोच. पंधरा दिवस बोटं रडतात, मग चालायला लागतात. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर तेही चालेल, फक्त 'ऱ्य' आणि 'ॲ' कसा काढायचा ते आधी पाहून ठेवा. नाहीतर सह्याद्रीतल्या 'दऱ्यां'चा 'दर्या' होतो आणि प्रकरण समुद्रात बुडतं. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणु' हे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात, छपाईत मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ते बघा.

आधीच अर्धा प्रबंध जुन्या फॉन्टात अडकला असेल तर परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणता येतो. पण रफार, जोडाक्षरं आणि आकडे हमखास फुटतात. दोघांनी बसायचं, एकाने जुना कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. दुसरा जवळचा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, ते फुकट आहे. मी 'शेवटी एकदम करू' म्हणून ठेवलं आणि संदर्भसूचीला अडीच महिने गेले. जुन्या मराठी पुस्तकांसाठी एक सवय लावून घ्या: ग्रंथालयात पुस्तक हातात आल्याबरोबर मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा फोटो. प्रकाशक, आवृत्ती, साल तिथेच असतं, आणि ते पुस्तक पुढच्या खेपेला 'बाइंडिंगला गेलंय' असं उत्तर मिळू शकतं. साल शके असेल तर ७८ मिळवा. पुस्तक पौष-माघ-फाल्गुनातलं असेल तर बहुधा ७९. शके १८४२ म्हणजे १९२०, क्वचित १९२१. संदर्भसूचीत '१८४२' तसंच राहिलेला एक प्रबंध मी वाचलाय. त्यात टिळकांच्या निधनावरचा मजकूर टिळकांच्या जन्माआधी छापून झाला होता.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. फाइलला माणसाचं नाव देऊ नका. तारीख, गावाची खूण, क्रमांक एवढंच. नावांची यादी वेगळी, कुलूपबंद. प्रती तीन, त्यांतली एक घराबाहेर. माझा फोन एकदा कारखान्यावरच्या पाण्याच्या हौदात पडला आणि अकरा मुलाखती गेल्या. त्या बायका पुढच्या हंगामात दुसऱ्याच कारखान्यावर होत्या.

"तीन दिवसांत पेपर प्रकाशित, प्रमाणपत्रासह"

असा मेसेज प्रत्येक संशोधकाच्या व्हॉट्सॲपवर येतो. दीड-दोन हजार रुपये, आयएसएसएन, 'इम्पॅक्ट फॅक्टर ७.६', शेवटी हात जोडलेला इमोजी. सबमिशन जवळ आलेलं असतं, कुणीतरी म्हणतं, "सगळेच करतात."

आधी गरज तपासा. प्रबंध देण्यापूर्वी एक पेपर आणि परिषदेत दोन सादरीकरणं ही सक्ती २०१६ च्या नियमावलीत होती. २०२२ च्या नियमावलीत ती राहिली नाही. मात्र विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक पीएच.डी. विभागातून घ्या. सीनियरने सांगितलेलं चार वर्षांपूर्वीचं असतं.

दुसरं, 'यूजीसी केअर लिस्टेड' या शब्दांनी हुरळून जाऊ नका. मान्य नियतकालिकांची ही यादी २०१९ मध्ये आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली आणि नियतकालिक निवडायची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर टाकली, सोबत पाहायचे निकष दिले. जाहिरातीत अजून 'केअर' मिरवणारं नियतकालिक जुन्या पुण्याईवर जगतंय, किंवा तेवढीही पुण्याई नाही.

आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही. दुचाकीला नंबरप्लेट आहे म्हणून ब्रेक चांगले असतील असं नाही. 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात तो आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. भारदस्त इंग्रजी नावाच्या भलत्याच संस्थेने दिलेला आकडा म्हणजे विकत घेतलेली पाटी.

मी काय पाहते? तीन जुने अंक उघडते आणि माझ्या विषयावरचा एक लेख पूर्ण वाचते. लेख वाईट असेल तर तिथेच थांबते. संपादक मंडळातल्या एखाद्याच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का ते शोधते. खुल्या नियतकालिकांसाठी डीओएजे ही सूची आहे, स्कोपसची नियतकालिकांची यादीही फुकट पाहता येते. संकेतस्थळाचा पत्ता त्या सूचीतूनच उघडते, गुगलमधून नाही, कारण चांगल्या जुन्या नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळं असतात. त्यांत मराठी-हिंदीतली, छापील रूपात वर्षानुवर्षं निघणारी नियतकालिकंही सुटत नाहीत.

पेपर चुकीच्या जागी गेलाच असेल तर? स्वीकारला पण छापला नसेल, तर ईमेलने लेखी मागे घ्या आणि त्यांची पोच येईपर्यंत दुसरीकडे पाठवू नका. पैसे सोडून द्या. छापून आला असेल तर तोच पेपर शीर्षक बदलून दुसरीकडे देण्याचा मोह टाळा, ती स्वतःच्याच लेखनाची चोरी ठरते. त्यातला प्रश्न घ्या, नवी माहिती घाला, नव्याने लिहा आणि जुन्याचा उल्लेख करा. दोन वर्षं लागतील.

आणखी एक, सहलेखकांचा क्रम. काम सुरू करण्याआधी बोलून घ्या. अवघड वाटतं, मान्य. छापून आल्यावर बोलणं त्याहून अवघड असतं.

काम झालं नाही म्हणून गाइडना टाळणं

विभागाच्या जिन्यात सर वर येताना दिसले की मागच्या मागे ग्रंथालयात सटकायचं, हे मी एक पूर्ण सत्र केलं. सरांना वाटलं माझं उत्तम चाललंय.

उलट टोकाची चूक म्हणजे रिकाम्या हाताने जाऊन "सर, पुढे काय करू?" विचारणं. त्यावर उत्तर ठरलेलं: "आणखी वाचा." तुमच्याकडे दोन वाटा असतील तर दोन्ही घेऊन जा. "सर, मुकादमांच्या मुलाखती घ्याव्यात की कारखान्यांची कागदपत्रं? मला कागदपत्रं बरी वाटतात, कारण मुकादम आकडे सांगत नाहीत." याला हो किंवा नाही म्हणता येतं.

भेट झाली की त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल. "सर, आज ठरलं ते असं: तिसरं प्रकरण दोन भागांत करायचं. आकडेवारीचा तक्ता परिशिष्टात. मी १५ तारखेपर्यंत मसुदा देते. काही राहिलं असेल तर सांगावं." यात उर्मटपणा काही नाही. गाइडकडे नियमाने एका वेळी आठपर्यंत विद्यार्थी असू शकतात, सहायक प्राध्यापक असतील तर चार. त्यांना तुमचं प्रकरण दोनचं की तीनचं, हे आठवत नाही. आणि 'मी असं कधी म्हटलंच नव्हतं' हा प्रसंग आलाच तर तो ईमेल शांतपणे पुढे करता येतो.

मसुदा तीन महिने टेबलावर पडून आहे? आठवण करा, पण छोटा तुकडा मागा. "पूर्ण प्रकरण नंतर बघावं, फक्त निष्कर्षाची दोन पानं या आठवड्यात बघाल का?" तरीही हललं नाही तर आरएसीच्या अहवालात 'मसुदा अमुक तारखेला सादर' एवढंच लिहा. तक्रारीचा एकही शब्द नको, तारीख पुरेशी बोलते.

गाइडच्या घरचं लग्न, बँकेची कामं, पेपर तपासणी याबद्दल मला सल्ला मागतात. लग्नाला जा, जेवा. पेपर तपासू नका.

मुलींसाठी दोन गोष्टी, कारण विभागात कुणी आपणहून सांगत नाही. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर संशोधनाची माहिती दुसऱ्या संस्थेकडे नेता येते, काही अटींवर. 'आता सोडून द्या' असं कुणी सहज म्हटलं तर आधी नियमावलीचं ते पान काढून वाचा.

स्लाइड वाचून दाखवणं

पहिल्या परिषदेत मी स्लाइडवर इंग्रजीत लिहिलं होतं: एका 'सिकल'ला इतकी उचल. समोरचे गृहस्थ परराज्यातले. प्रश्नोत्तरांत त्यांनी विचारलं, "विळ्याला पैसे कशासाठी देतात?" हशा पिकला. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या जोडीला मिळते, त्यात बाईचा वेगळा हिशेब नसतो. माझ्या प्रबंधाचा जीव नेमका तिथे होता आणि मी तो भाषांतरात गमावला होता. तो शब्द तसाच ठेवून दोन वाक्यांत उलगडला असता, तर त्या वीस मिनिटांत दुसरं काही बोलायची गरजच नव्हती.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली: तीन मिनिटं, एक स्लाइड, ऐकणारा विषयाबाहेरचा. आता ती जगभर होते. स्पर्धेत जाऊ नका हवं तर, पण घरी करा. आईला, रिक्षावाल्या काकांना, सातवीतल्या भाचीला. भाची जिथे "म्हणजे?" म्हणते तिथे खूण करा. तो शब्द बहुधा तुम्हालाही नीट कळलेला नसतो.

व्हायवात लोक एका गोष्टीने फसतात: प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी उत्तर. प्रश्न लिहून घ्या, श्वास घ्या. उत्तर माहीत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही, तपासायचं झालं तर अशा रीतीने तपासेन" म्हणा. परीक्षकांना हे वाक्य आवडतं. इंग्रजी अडलं तर मराठीत बोलू का, असं सरळ विचारा. माझ्या तालमीतल्या तिघांनी विचारलं, तिघांनाही परवानगी मिळाली.

एकाच दाराशी उभं राहणं

पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकी, हे गणित घरच्यांच्या डोक्यात पक्कं असतं आणि आपल्याही. त्यात १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक परीक्षा ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. 'पीएच.डी. आहे, सेटचं बघू नंतर' म्हणणारे तिशी ओलांडून तासिका तत्त्वावर अडकलेले मी रोज पाहते. द्यायचीच असेल तर कोर्सवर्कच्या वर्षात देऊन टाका, वाचन ताजं असतं. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती निघाली तर महिना ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन ४२,०००. पैसे उशिरा येऊ शकतात हे धरून चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

दुसऱ्या दारांसाठी मात्र भाषा बदलावी लागते. मुलाखतीनंतर मी माझा बायोडेटा काढला, सात पानांचा. पहिल्याच ओळीत प्रबंधाचं शीर्षक, पुढे परिषदांची यादी. एका सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या मैत्रिणीने तो वाचून विचारलं, "तू नक्की केलंस काय?" मग आम्ही दोघी एक पूर्ण रविवार बसलो. 'गुणात्मक संशोधनपद्धतीचा वापर' खोडून लिहिलं: 'अकरा गावांत १८० मुलाखतींचं नियोजन केलं, दोन स्थानिक सहायकांना मुलाखत घ्यायला शिकवलं.' 'साहित्याचा आढावा' गेला. त्याजागी 'सरकारी अहवाल आणि न्यायालयीन कागदपत्रांतून तीस वर्षांची माहिती एका तक्त्यात आणली.' 'आंतरराष्ट्रीय परिषदेत सादरीकरण' खोडलं आणि 'तीन गावांत निष्कर्ष ग्रामसभेपुढे मांडले' लिहिलं. हे मी केलं होतं, पण कुठल्याच बायोडेट्यात घातलं नव्हतं, कारण त्याचं प्रमाणपत्र मिळालं नव्हतं.

एक पान झालं. प्रमाणपत्रांसाठी खाली एक ओळ उरली होती, तिच्यात चौतिसांतली तीन बसली.